देवकार्य, तुरुंग, पाळणाघर, चहा: लॅव्हनहॅमच्या एका इमारतीची पाचशे वर्षं

आई इकडे इंग्लंडला आली होती तेव्हा तिला एक दिवस लॅव्हनहॅमला घेऊन गेलो होतो. इंग्लंडच्या पूर्वेला सफक काउंटी आहे, तिथलं हे गाव, वस्ती साधारण सतराशे. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला कोणी विचारत पण नाही, पण इथे तीनशेच्या वर इमारती सरकारी वारसा यादीत आहेत आणि कित्येक घरं अशी कललेली की आई फूटपाथवरून चालताना जरा लांबूनच चालत होती, अंगावर आलं तर काय घ्या. बाजारचौकात एक मोठी, रुपेरी पडलेल्या लाकडांची इमारत आहे, गिल्डहॉल म्हणतात. आत फिरलो, चहा घेतला, पाट्या वाचल्या. कुठे लिहिलंय इथे मंडळाच्या पंगती उठायच्या, कुठे लिहिलंय तुरुंग होता, कुठे गरिबांना ठेवायचे, कुठे युद्धात लहान मुलं ठेवली होती. आईने कप खाली ठेवला आणि विचारलं, "अरे पण हे मुळात होतं तरी काय?"

मी उत्तर दिलं, पण अर्धवट दिलं. घरी येऊन बरंच वाचलं, आणि आता जरा नीट सांगतो, कारण या एका प्रश्नात इंग्लंडमधल्या गावांच्या जुन्या पेठांचं सगळं गणित येतं. तिथे पेठेच्या मुख्य रस्त्याला हाय स्ट्रीट म्हणतात. हाय म्हणजे उंच नाही, मुख्य. छोट्या गावातही असतो, त्यावर दुकानं, पब, पोस्ट, पूर्वी बँक. गिल्डहॉल हाय स्ट्रीटपासून जरा आत बाजारचौकात आहे, पण कथा पेठेचीच.

तर मुळात काय होतं. १५३० च्या आसपास ही इमारत कॉर्पस क्रिस्टी नावाच्या गिल्डने बांधली. गिल्ड म्हटलं की आपल्याला शाळेतल्या इतिहासातली व्यापाऱ्यांची श्रेणी आठवते, पण हे तसलं नव्हतं. हे धार्मिक मंडळ होतं. गावातल्या पैसेवाल्यांनी वर्गणी काढायची, सणाला मिरवणूक काढायची, मग जेवणावळ, कोणी सभासद गेला तर त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना, विधवेला थोडी मदत. आपलं गणेश मंडळ, भजनी मंडळ आणि पतसंस्था एकत्र करा आणि त्याला एक झकास हॉल द्या, झालं गिल्ड. गावात अशी पाच मंडळं होती. अर्थात सभासद सगळे कापडवालेच असल्यामुळे धर्म आणि धंदा वेगळा कुठे काढणार, मंडळात कोण कुणाशेजारी बसलं यावर उधारी ठरत असणार असा माझा आपला अंदाज.

पैसा कुठून आला? कापडातून. लॅव्हनहॅमचं निळं जाड लोकरी कापड युरोपभर जायचं. निळा रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून काढायचे, आणि गंमत म्हणजे त्यातलं रंगद्रव्य तेच जे आपल्या निळीत असतं, झाड वेगळं, रंग एकच. १५२४ च्या करवसुलीत हे गाव इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत गावा-शहरांमध्ये चौदाव्या नंबरवर होतं. चौदाव्या! भल्या भल्या शहरांच्या पुढे. आणि लगेच पुढच्या वर्षी, १५२५ मध्ये, आठव्या हेन्रीने फ्रान्सशी युद्धासाठी आणखी पैसे मागितले तेव्हा कापडवाले म्हणाले आता कामगारांना द्यायला पैसे नाहीत, आणि हजारो लोक इथे रस्त्यावर उतरले. शेवटी राजाला तो कर सोडून द्यावा लागला.

आता मुख्य गोष्ट. १५४७ मध्ये, सहाव्या एडवर्डच्या काळात, कायदा झाला आणि अशी धार्मिक मंडळं बरखास्त झाली, मालमत्ता जप्त. म्हणजे गिल्डहॉल ज्या कामासाठी बांधला ते काम सतरा-अठरा वर्षं चाललं. जवळजवळ पाचशे वर्षं उभी असलेली इमारत, त्यात "मूळ वापर" अठरा वर्षं. बाकीचा सगळा काळ ती दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला येतेय.

मग ती गावाच्या कारभाराला आली, साधारण आपली चावडी म्हणा. आणि इकडे कापडाचा धंदा बसायला लागला. कारण सोपं होतं: नेदरलँड्सकडून पळून आलेले विणकर जवळच्या कोलचेस्टरला स्थायिक झाले आणि त्यांनी हलकं, स्वस्त कापड काढलं. जाड निळ्या लोकरीला गिऱ्हाईक राहिना. आपल्याकडे पॉवरलूम आल्यावर हातमागाच्या गावांचं जे झालं त्याच जातीचं.

इथे एक उलटी गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. हे गाव एवढं सुंदर जुनं का राहिलं? लोकांना वारशाची कदर होती म्हणून? अजिबात नाही. पैसे नव्हते म्हणून. ज्या गावांत पुढच्या दोनशे वर्षांत पैसा खेळत राहिला तिथल्या लोकांनी जुनी लाकडी घरं एकतर पाडली किंवा त्यांच्या तोंडावर विटांची नवी फॅशनेबल भिंत चढवली. लॅव्हनहॅमच्या लोकांनी काय केलं, गळकं छप्पर शाकारलं, भिंतीला गिलावा थापला आणि दिवस काढले. आज टुरिस्ट ज्याचे फोटो काढतात ती खरं म्हणजे एका पडलेल्या धंद्याची शिल्लक आहे.

पण नुसती गरिबी पुरत नाही, गरीब गावातली इमारत पडूनही जाते. ती टिकते ती कुणाच्या तरी रोजच्या कामाला येत राहिली तर, कारण माणसांचा वावर असला की कौल सरकलेलं कुणाला तरी दिसतं. आणि गिल्डहॉल सारखा कामाला येत राहिला याचं एक कारण त्याच्या बांधणीत आहे.

ही बांधणी आपल्या माणसाला पटकन कळेल कारण वाड्याचं तत्त्व तेच. सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर, ओकचे जाडजूड खांब आणि तुळया, भिंतीवर भार नाहीच. मधल्या जागेत कूड: काटक्यांची वीण, त्यावर माती, शेण, गवत कालवून थापलेलं. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी. ओक ओला असतानाच कापून जोडायचे, कारण वाळलेला ओक इतका कडक की करवत रडते, मग ते लाकूड उभ्या उभ्या वाळायचं, वळायचं, आणि घरं वाकडी व्हायची. म्हणजे आईला वाटलं तसं ती पडायला आलेली नाहीत, तरुणपणीच वाकून बसलीत. आणि भिंतीवर भार नसल्यामुळे काय होतं, की भिंत तुम्ही काढा, घाला, दार इकडचं तिकडे करा, दोन खोल्यांची एक करा, सांगाड्याला ढिम्म फरक पडत नाही. हॉलच्या कोठड्या झाल्या, कोठड्यांच्या खोल्या झाल्या, खोल्यांचा परत हॉल.

तर १६८९ पर्यंत इथे ब्राइडवेल आलेलं होतं. ब्राइडवेल म्हणजे छोटा तुरुंग पण खास करून भटके, उनाड, काम न करणारे असं ज्यांच्याबद्दल गावाचं मत असेल त्यांच्यासाठी, आत घालायचं आणि कामाला लावायचं. १७८७ पासून वर्कहाऊस. हा शब्द आपल्याकडे नाही आणि नाही ते बरंय. गरिबाला गावाने जगवायचं हे इंग्लंडच्या कायद्यात फार जुनं आहे, पण गावकऱ्यांना तो खर्च टोचायचा, म्हणून अशी सोय की मदत पाहिजे ना, मग घर सोडून इथे राहायला या, सूत काता, पडेल ते काम करा, आणि जेवण असं की गरज नसलेला माणूस फिरकणारच नाही. १८३४ च्या कायद्याने अनेक गावं मिळून एकेक मोठं वर्कहाऊस काढायचं ठरलं आणि गावोगावच्या अशा छोट्या जागा मोकळ्या झाल्या. गिल्डहॉलच्या मागच्या अंगणात १८३३ ची एक छोटीशी कोठडी अजून आहे, दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर ठेवायची. आई त्यात डोकावून म्हणाली, न्हाणीघराएवढी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कथबर्ट क्विल्टर नावाच्या तिथल्या श्रीमंत खासदाराने इमारत विकत घेतली आणि क्विल्टर घराण्यानेच ती दुरुस्त करून घेतली. दुसऱ्या महायुद्धात शहरांतून हलवलेल्या लहान मुलांची इथे सोय केली होती, जेवणाची खाणावळही चालली. आणि १९५१ पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे, ही वारसा सांभाळणारी तिथली मोठी संस्था. आता म्युझियम, चहा, केक, आणि मागे बागेत ते वोडचं झाड, रंग देणाऱ्या बाकीच्या झाडांबरोबर. शिवाय त्या जगप्रसिद्ध जादूगार पोराच्या सिनेमात त्याच्या आईवडिलांचं पडकं घर म्हणून हीच इमारत वापरलीय, कॉम्प्युटरवर पडकी करून. म्हणजे आता पडकं दिसायचे पण पैसे मिळतात.

दुसरी एक इमारत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लेडी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वूल हॉल आहे, तोही दुसऱ्या एका गिल्डचाच हॉल. १९११ मध्ये तो चक्क खोलला, सुटा केला, दूर अ‍ॅस्कॉटला नेऊन उभा करायचा म्हणून. खाच-खुंटीची बांधणी असल्यामुळे हे शक्य असतं, खुंट्या काढायच्या, सुतारांनी लाकडांवर कोरलेल्या खुणा बघून परत जुळवायचं. गावाने आणि वारसावाल्यांनी एवढी बोंब मारली की लाकडं परत आली आणि हॉल जुन्या जागी पुन्हा उभा राहिला. १९६० च्या दशकात तो शेजारच्या स्वान हॉटेलात सामावला गेला. या स्वानच्या बारमध्ये भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांच्या सह्या आहेत, जवळच त्यांचा विमानतळ होता. आज कोणी भिंतीवर पेनाने नाव लिहिलं तर दंड आणि १९४४ ला लिहिलेलं काचेखाली, असो.

आता कायद्याचा भाग, आणि इथे बरेच लोक गोंधळतात, तिथले लोकही. जुन्या इमारतीला दोन वेगवेगळ्या परवानग्या लागू शकतात. एक तिच्या अंगाला हात लावायची आणि दुसरी तिचं काम बदलायची. दोन्ही कौन्सिलच, म्हणजे तिथली नगरपालिका म्हणा, देते पण विचार वेगळा, कायदा वेगळा.

अंगाची परवानगी म्हणजे लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट. १९४७ पासून इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारतींची यादी पद्धतशीर व्हायला लागली. तीन दर्जे: पहिला, दुसरा स्टार, दुसरा. सगळ्यात वरच्या दर्जात जेमतेम अडीच टक्के, त्यात गिल्डहॉल आहे, नव्वद टक्क्यांहून जास्त साध्या दुसऱ्या दर्जात. १७०० च्या आधीची आणि बऱ्यापैकी मूळ रूपात असलेली जवळपास प्रत्येक इमारत यादीत येतेच. आणि यादीत आली की आतबाहेर सगळंच आलं, फक्त दर्शनी भाग नाही. स्वयंपाकघरातली जुनी चूल काढायची? परवानगी. खिडकीला डबल काच? परवानगी. अर्जाला फी नाही, पण परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि वर २०१२ पासून परवानगी घेऊन केलेल्या बदलांवरची व्हॅटची सवलत पण गेली, म्हणजे सरकार म्हणतं जपा आणि वीस टक्के आम्हाला द्या. हे मला कधीच पटलेलं नाही.

कामाची परवानगी म्हणजे प्लॅनिंग परमिशन. तिथे प्रत्येक इमारतीचा वापर कायद्याने कुठल्यातरी वर्गात टाकलेला असतो आणि वर्ग बदलायचा असेल तर सहसा अर्ज करावा लागतो. १ सप्टेंबर २०२० ला यात मोठा बदल झाला. दुकान, कॅफे, बँक, ऑफिस, दवाखाना, जिम, पाळणाघर हे सगळं एकाच वर्गात आणलं, त्याचं नाव ई. म्हणजे आज चपलांचं दुकान आहे, उद्या तिथे दाताचा डॉक्टर बसला, परवा कॅफे निघाला, वापर बदलला म्हणून कौन्सिलला विचारायची गरज नाही. पब मात्र यात नाही आणि पार्सलवाली खाण्याची दुकानं पण नाहीत, त्यांना अर्ज करावाच लागतो. म्हणजे जुन्या बँकेत कॅफे काढा, चालेल, वडापावची टपरीवजा खिडकी काढा, अर्ज.

आता दोन्ही एकत्र लावून बघा. समजा हाय स्ट्रीटवरचं चारशे वर्षांचं दुकान तुम्ही घेतलं आणि कॅफे काढायचाय. वापराला परवानगी नको. पण कॅफेला किचन, किचनला धुराडं, ते छपरातून बाहेर काढायला चारशे वर्षं जुन्या लाकडातून भोक, आणि त्याला अंगाची परवानगी पाहिजे. नाही मिळाली तर तुमचा कॅफे सँडविच आणि चहावरच चालणार. त्या गावांमध्ये एवढे टी रूम का असतात याचं निदान थोडं तरी उत्तर यात आहे असं मला वाटतं.

सरकारी धोरणाच्या कागदात या सगळ्यासाठी एक चांगली कल्पना आहे. मूळ वापर हाच सर्वात उत्तम असं तिथे धरत नाहीत. जो वापर स्वतःच्या पायावर चालेल आणि इमारतीला कमीत कमी इजा करेल तो योग्य. म्हणजे जेवणावळीच्या हॉलला परत जेवणावळीच पाहिजेत असा हट्ट नाही, आणि समजा असता, तर गिल्डहॉलचं काय केलं असतं, पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणासाठी प्रार्थना करायला माणसं बसवली असती?

पण खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कायद्याच्या भाषेत दिसत नाही, ती घरांच्या नावांत दिसते. इंग्लंडमधल्या कुठल्याही सुंदर गावात फिरा, दारावर पाट्या दिसतील: द ओल्ड बेकरी, द ओल्ड फोर्ज, द ओल्ड पोस्ट ऑफिस. म्हणजे जुनी बेकरी, जुना लोहारखाना, जुनं पोस्ट. आत आता कोणीतरी राहतंय, किंवा राहतही नाही, शनिवार-रविवारी येतं. कारण साधं आहे, अशा गावात तीच जागा दुकान म्हणून जेवढ्याला जाते त्यापेक्षा घर म्हणून कितीतरी जास्त किमतीला जाते. दुकानाचं घर झालं की परत दुकान होत नाही, कोण कशाला महागाची बेडरूम मोडून तिथे दूध-पाव विकेल? आधीचे सगळे बदल दोन्ही दिशांनी होऊ शकत होते, तुरुंगाचा हॉल, हॉलची नर्सरी. हा बदल एकेरी रस्ता आहे. २०२१ पासून ई वर्गातल्या जागेचं घर करणं सरकारने सोपं पण केलंय, लिस्टेड इमारती त्यातून वगळल्यात म्हणून लॅव्हनहॅमसारख्या गावाला जरा आडोसा आहे. राहत्या घराचं हॉलिडे होम करायला मात्र बहुतेक वेळा वापर बदलायची परवानगी लागतच नाही. एप्रिल २०२५ पासून कौन्सिलांना दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावायची मुभा आहे, पण ज्याला सफकमध्ये दुसरं घर परवडतं त्याला दुप्पट कर पण परवडतो.

गावाच्या हातात काय आहे? थोडंफार आहे. २०११ च्या एका कायद्याने गावकरी एखादा पब किंवा दुकान "गावाच्या उपयोगाचं" म्हणून कौन्सिलकडे नोंदवू शकतात. मग मालकाने विकायला काढलं की सहा आठवड्यांत गावाने सांगायचं, आम्हाला बोली लावायचीय, आणि तसं सांगितलं की मालकाने विकायला काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून एकूण सहा महिने विक्री थांबते. त्या काळात वर्गणी काढा, शेअर विका, कर्ज घ्या. मालकावर गावालाच विकायची सक्ती नाही, हे लोक विसरतात आणि नंतर चिडतात. तरी यातून आणि याच्याशिवायही बरीच दुकानं आणि पब गावांनी चालवायला घेतलेत, पबच्या कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर, दुकानात कुरियर, लायब्ररीचं कपाट. शिवाय तीन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात एकच दुकान किंवा एकच पब उरला असेल तर, जागा फार मोठ्या भाड्याची नसेल तर, धंद्याच्या जागेवरचा कर पूर्ण माफ. एकच उरल्यावर माफ, दोन असताना नाही, सरकारी डोकं सगळीकडे सारखंच.

लॅव्हनहॅममध्ये काही घरांना ट्यूडर काळातल्या दुकानांच्या खिडक्या अजून आहेत, कमानीच्या, काच नसलेल्या. त्यांना लाकडी फळी असायची, सकाळी आडवी पाडली की तीच विक्रीची ओटी, रात्री वर उचलली की दुकान बंद. मी आईला दाखवल्या. तिला समजवायला काही लागलंच नाही, तिच्या मामांचं तालुक्याच्या गावाला किराणा दुकान होतं आणि त्याच्या फळ्यांवर आकडे घातलेले होते, एक नंबरची फळी आधी, मग दोन, चुकलं की सगळ्या काढून परत.

परतीच्या गाडीत मी तिला मोठ्या उत्साहाने ते अठरा वर्षांचं सांगितलं. ती म्हणाली मग आपला विश्रामबागवाडा काय वेगळा आहे. आणि खरंच, घरी येऊन बघितलं. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ मध्ये बांधला, १८१८ मध्ये पेशवाई गेली, म्हणजे पेशव्याचा वाडा म्हणून अकरा वर्षं. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, १८७९ मध्ये आग लागली, पुढे बरीच वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचं ऑफिस होतं, आणि खाली पोस्ट.

"त्या पोस्टातून मी दरवर्षी दादाला राखी पाठवायचे," आई म्हणाली. "वाडा बघायला म्हणून कधी गेलेच नाही."